भुताला भेटायला जाताना...

"भुताला भेटायला तिकीट काढून जायचं? आणि तेही दिवाळी तोंडावर आलेली असताना?" सासूबाईंनी भाजणीचं ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की क्षणभर मलाच हडळ झाल्यासारखं वाटलं!

त्याचं असं झालं... दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बचत गटाची शनिवारची मीटिंग चालू होती. कर्जाचे हप्ते, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, कोण करंज्या करणार, कोण चिवडा, असं सगळं रंगात आलेलं. तेवढ्यात इमारतीतल्या चार-पाच मुली घोळक्याने आत शिरल्या. एकीच्या हातात मोबाइल. "काकू, खोपोलीच्या इमॅजिकात हॅलोवीन आहे. तुम्ही येत असाल तर आमच्या आया सोडतील." झालं! मीटिंग तिथेच मोडली. एक वहिनी म्हणाल्या, "हे काय नवीन खूळ?" दुसरी म्हणाली, "जाऊ या की गं, आपणही कुठे जातो एरवी!" आणि बघता बघता बारा जणांची यादी तयार झाली. चार बायका, सात मुलं आणि माझा भाचा.

आमचं पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्वेचं एक टोक. गावठाणाच्या भोवती आता उंच उंच इमारती झाल्यात. इथे राहायला आलेल्या कुटुंबांत कुणी रत्नागिरीचं, कुणी जळगावचं, कुणी साताऱ्याचं. पण मुलं मात्र सगळी एकाच मोबाइलवर वाढलेली! त्यांना हॅलोवीन म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच, की तिथे जाऊन आपली काय अवस्था होणार आहे. आणि मैत्रिणींनो, ते आपल्यालाही ठाऊक नसतं. म्हणूनच पहिल्यांदा जाणाऱ्या तुमच्या-माझ्यासारखीसाठी हा लेखप्रपंच!

हे हॅलोवीन आलं कुठून?

सासूबाईंना समजावून सांगायचं, तर आधी मला समजायला हवं होतं. म्हणून जरा वाचलं. ३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे हॅलोवीन. आयर्लंड, स्कॉटलंडकडच्या जुन्या लोकांचा सुगी संपून थंडी सुरू होण्याचा हा सण. त्या रात्री गेलेली माणसं परत येतात, अशी त्यांची समजूत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणून हे नाव पडलं. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना कोरायला सोपा असा भलामोठा भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडलं. आता तिकडची मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात.

करमणुकीच्या बागांनी, म्हणजे आपण ज्याला थीम पार्क म्हणतो त्यांनी, यातून मोठा धंदा उभा केला. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ मध्ये हॅलोवीनच्या भुताळ रात्री सुरू केल्या. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ पासून. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये २०११ पासून. आपल्याकडे खोपोलीला एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांच्या अॅडलॅब्जने इमॅजिका उभारलं. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिथेही ऑक्टोबरअखेरीला हॅलोवीनचे कार्यक्रम होतात. त्यांचं स्वरूप, दिवस आणि वेळा बदलत असतात.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपली सर्वपित्री अमावस्याच की! फक्त आपण पितरांना खीर वाढतो आणि हे घाबरवून घेतात." मला काही उत्तर सुचलं नाही!

आणि खरं सांगायचं, तर घाबरून घ्यायची हौस आपल्यालाही कमी नाही. सिंधुदुर्गातल्या बायकांना विचारा. दशावतारात मध्यरात्री राक्षस आरोळी ठोकत येतो, तेव्हा पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरतात की नाही? जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याला मोठमोठे मुखवटे चढवून सोंगं निघतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत निघतात, त्याला शंभर वर्षं उलटून गेली. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे जाळतात. आणि २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' लागली, की टीव्हीसमोर पाय वर घेऊन कोण बसायचं? आपणच ना! तेव्हा भीतीची मजा आपल्याला नवी नाही. नवं आहे ते तिकीट, गर्दी, अंधारातली दालनं आणि एकदा आत शिरलं की बाहेर कसं पडायचं हा प्रश्न.

माझी एक चूक

आता जे सांगणार आहे, ते सांगायला आजही जड जातं. पण ते सांगितल्याशिवाय पुढच्या सूचनांना अर्थ नाही.

आमच्या अंबरनाथला महाशिवरात्रीला शिवमंदिराची मोठी जत्रा भरते. शिलाहारांच्या काळातलं, इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं हे मंदिर. जत्रा, पाळणे, मौत का कुआँ या गोष्टी आमच्या अंगवळणी पडलेल्या. अशाच एका जत्रेत, कुठल्या ते महत्त्वाचं नाही, आम्ही सगळे गेलो होतो. माझा भाचा, नणंदेचा मुलगा, तेव्हा सहा वर्षांचा होता. एका तंबूत भूतबंगला होता. दाराशी गेल्यावर तो मागे सरला. म्हणाला, "मामी, मला नको." मी हसले. बरोबरचे सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, "अरे, मुलगा ना तू? मुली जातायत बघ!" आणि मी, हो मीच, त्याचा हात धरून त्याला आत ओढत नेलं. वाटलं, एकदा भीती मोडली की सुटला!

आत काय होतं? लाल दिवा, कापसाची जळमटं, एक सांगाडा आणि काळं पांघरूण घेतलेला एक मुलगा. आम्हाला हसू येत होतं. भाचा मात्र किंचाळला नाही की रडला नाही. अगदी गप्प झाला. बाहेर आल्यावर बघितलं, तर त्याची चड्डी ओली होती.

त्यानंतर कित्येक महिने तो रात्री एकटा बाथरूमला जात नव्हता. ते एक वेळ ठीक. पण तो माझ्याकडे राहायला यायचाच बंद झाला. नणंदेने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मामी हात सोडत नाही." मैत्रिणींनो, तो भुताला नाही, मला घाबरला होता! मी दिवसभर वस्तीत फिरून बायकांना सांगते, मुलांना बागुलबुवाची भीती घालू नका, पोलिसाची भीती घालू नका. आणि घरात मी काय केलं?

त्या दिवसापासून एक गोष्ट मी मनाशी पक्की धरली आहे. भीतीची मजा तेव्हाच, जेव्हा "पुरे" म्हणता येतं आणि म्हटल्यावर ते ऐकलं जातं. हॅलोवीनला जाण्याची सगळी तयारी मी या एका वाक्याभोवती केली.

"पुरे" हा शब्द आधी ठरवा

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाराही जणांना घरी बोलावलं. कांदेपोहे केले आणि सांगितलं, "उद्या कुणीही, कुठेही, कधीही 'पुरे' म्हणू शकतं. रांगेत तासभर उभं राहून अगदी दाराशी गेल्यावरसुद्धा. त्याला कुणी भित्रट म्हणायचं नाही, पैसे वाया गेले म्हणायचं नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. आणि 'पुरे' म्हणणाऱ्याबरोबर एक मोठं माणूस बाहेर थांबेल." मुलं हसली. पण सगळ्यात जास्त मान कुणी डोलावली असेल, तर दोन वहिनींनी!

कुणी यावं, कुणी नाही, हेही तेव्हाच बघून घ्या. गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेलं माणूस, मणक्याचं दुखणं असलेलं कुणी, यांनी मोठ्या राइड्सच्या वाटेला जाऊ नये. तशा पाट्या तिथे लावलेल्या असतात, त्या खरोखर वाचा. भुताच्या दालनात भराभर उघडझाप होणारे दिवे असतात, त्यामुळे फिट येणाऱ्या माणसाला धोका असतो. धूर सोडतात, त्याने दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो. पंप बरोबर ठेवाच.

आणि मुलांचं वय? फ्लोरिडाचं युनिव्हर्सल आपल्या भुताळ रात्रींसाठी स्वतःच सांगतं, १३ वर्षांखालच्या मुलांना आणू नका. त्याच गावात डिस्नेवाल्यांनी १९९५ पासून लहानांसाठी वेगळी, फारशी न घाबरवणारी हॅलोवीन पार्टी ठेवली आहे. म्हणजे ज्यांचा हा धंदा आहे, त्यांनाही कळतं की सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाची भीती एक नसते. आपण तिकीट काढायच्या आधी तेवढं विचारावं, "लहान मुलांसाठी वेगळं काय आहे?" सोंगं, मिरवणूक, चेहरे रंगवणं, गाणी-नाच असं असेल तर लहानांना त्यातच ठेवा. अंधाराची दालनं मोठ्यांसाठी.

तिकीट आणि प्रवास

तिकिटाचे दर दिवसागणिक बदलतात. सुट्टीच्या दिवशी जास्त, कामाच्या दिवशी कमी, आगाऊ काढलं तर सवलत, असा प्रकार असतो. तेव्हा फोन करून किंवा मुलांना मोबाइलवर बघायला सांगून चार गोष्टी पक्क्या करून घ्या. हॅलोवीनचा कार्यक्रम नेमका कोणत्या दिवशी? किती वाजेपर्यंत? नेहमीच्या तिकिटात येतो की त्याचे वेगळे पैसे? आणि मुलांचं तिकीट वयावर की उंचीवर? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शिवाय 'नायट्रो'सारख्या मोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट असते आणि तिथे मुलाला पट्टीशी उभं करतात. घरीच भिंतीला टेकवून उंची मोजून न्या, म्हणजे दाराशी डोळ्यांतून पाणी येणार नाही.

आमच्या भागातून जायचं, तर अंबरनाथहून खोपोली लोकल. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत, मग पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली. सव्वा-दीड तास धरा. स्टेशनवरून पुढे पाली रस्त्याला पार्क आहे, तिथवर रिक्षा. जाताना हे झकास! खिडकीतून डोंगर बघत जायचं. अडचण येते ती परतताना. कर्जतच्या पलीकडच्या लोकल मोजक्याच असतात. हॅलोवीनचा कार्यक्रम रंगतो तो अंधार पडल्यावर. झोपेला आलेली मुलं, हातात पिशव्या, रिक्षाची वाट आणि गाडी चुकली तर? त्यापेक्षा दहा-बारा जणींनी मिळून गाडी ठरवावी. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केली. माणशी खर्च फार वाढला नाही आणि जीव निर्धास्त राहिला. गाडीवाल्याचा नंबर दोघी-तिघींकडे ठेवा. गाडी कुठे उभी आहे, ते उतरतानाच नीट बघून ठेवा. अंधारात सगळ्या गाड्या सारख्या दिसतात.

सकाळपासून जायचा मोह होतो, "पैसे भरलेत ना!" म्हणून. पण मुलं दुपारपर्यंत दमली, की संध्याकाळी भुतासमोर नुसती किरकिर करतात. आम्ही जेवून निघालो, दुपारी पोचलो, आधी साध्या राइड्स केल्या, मग थोडं खाऊन बसलो आणि अंधार पडल्यावर भुतांकडे वळलो. पोट भरल्या भरल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात मात्र बसू नका. आमच्यातल्या एकीने वडापाव खाऊन तो प्रयोग केला. पुढचं सांगत नाही!

कपडे कोणते?

साडी नकोच. ड्रेस चालेल, पण मोकळी ओढणी घरी ठेवा किंवा पिनांनी नीट बांधून घ्या. राइडच्या चाकात, साखळीत ओढणी अडकली तर जिवावर बेतू शकतं. चपला नकोत, पट्ट्यांच्या सँडल किंवा बूट घाला. अंधारात चढउतार असतात. लांब मंगळसूत्र, सोन्याची साखळी, मोठी कानातली घरी काढून ठेवलेली बरी. आमच्या एका वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा मुलीची ट्रॅक पँट घातली आणि दिवसभर आपल्याच पायांकडे बघून हसत होत्या. 'राजासॉरस'च्या होडीत भिजायला होतं, तेव्हा मुलांचे कपड्यांचे जोड हवेतच.

सोंग घ्यायचं असेल, तर सुटसुटीत घ्या. चेहऱ्याला रंग लावा, पण आधी मनगटावर लावून बघा, पुरळ येत नाही ना. पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे, खोटे सुरे, तलवारी बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. आणि ते बरंच आहे. गर्दीत आपलं मूल चेहऱ्यावरून ओळखता यायला हवं.

भुताच्या दालनात शिरताना

मुख्य गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा नीट सांगते.

अशा कार्यक्रमांतली भुतं म्हणजे पगारावर काम करणारी मुलं-मुली. त्यांचा नियम सहसा एकच असतो, ती तुम्हाला हात लावत नाहीत. तुम्हीही त्यांना लावायचा नाही. घाबरून कुणी हात उगारतं, लाथ मारतं, ते त्या बिचाऱ्यांना लागतं. दिवसभर गरम कपड्यांत उभी असतात हो ती! त्यांचं लक्ष असतं ते सगळ्यात पुढच्यावर, सगळ्यात मागच्यावर आणि जो जास्त ओरडतो त्याच्यावर. म्हणून घाबरट माणसाला मधे घ्या. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, आगगाडीसारखं चाला. पळू नका. अंधारात पळताना भुताने नाही, पण भिंतीने नक्की मार बसतो! मोबाइलची बॅटरी लावू नका, त्याने बाकीच्यांची मजा जाते. फारच वाटलं तर डोळे जमिनीकडे ठेवा. सांगाडे, पडदे, आवाज, सगळं डोळ्यांच्या उंचीवर असतं. पायाखालची फरशी साधीच असते.

आणि आत शिरण्याआधी दारावरच्या माणसाला विचारा, "मधेच बाहेर यायचं असेल तर काय करायचं?" तिथल्या माणसांना ठाऊक असतं. आत गेल्यावर नको झालं, तर मोठ्याने, स्पष्ट म्हणायचं, "आम्हाला बाहेर जायचंय." लाजायचं नाही.

डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भूतबंगल्यात शिरलेल्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. २०२० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मजा कुणाला आली? जे अजिबात घाबरले नाहीत त्यांना कमी आणि जे फार घाबरले त्यांनाही कमी. मधल्यांना जास्त! म्हणजे भीतीचंही मिठासारखंच आहे. आणि कुणाच्या ताटात किती मीठ, ते ज्याचं त्याने सांगायचं.

अंधारातली दुसरी भीती

एक गोष्ट मुलींना स्पष्ट सांगूनच न्यावी लागते. अंधार, धक्काबुक्की, आरडाओरडा, याचा फायदा घेणारे लोक गर्दीत असतात, मग ती जत्रा असो नाहीतर सिनेमाचं थिएटर. मी गाडीतच सांगितलं, "भूत हात लावत नाही. ज्याचा हात लागला, तो माणूस आहे. तेव्हा गप्प बसायचं नाही. तिथल्या तिथे ओरडायचं, गणवेशातल्या माणसाला सांगायचं आणि मला सांगायचं. मी तुलाच दोष देणार नाही." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मुली गप्प बसतात त्या लोकांच्या भीतीने कमी, "तू तिथे गेलीसच कशाला?" या आपल्या प्रश्नाच्या भीतीने जास्त. ११२ हा मदतीचा नंबर मोठ्या मुलींना पाठ असावा.

लहानांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत मोबाइलची रेंज असेलच असं नाही. म्हणून आत शिरल्या शिरल्या भेटायची एक जागा ठरवा, "चुकामूक झाली तर या कमानीखाली."

आणि सामाजिक काम करणारी बाई म्हणून आणखी एक सांगते. काही घरांत भीती रोज असते. दाराची कडी वाजली की जिचा जीव गोळा होतो, तिला अंधारात कुणी एकदम पुढे येऊन ओरडलं, तर ती करमणूक वाटेलच असं नाही. आमच्यातल्या एका वहिनी दालनाच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "मी नाही येत. मला एकदम कुणी ओरडलेलं सहन होत नाही." कुणीही कारण विचारलं नाही. त्या बाहेर कुल्फी खात बसल्या आणि नंतर मला म्हणाल्या, "ताई, नको म्हटलं आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. बरं वाटलं हो."

दाराशी काय झालं

आमच्यातली सगळ्यात धाकटी, आठ वर्षांची चिमुरडी, दिवसभर "मी जाणार, मी जाणार" म्हणत नाचत होती. रांगेत अर्धा-पाऊण तास उभी राहिली. दाराशी पोचलो, आतून साखळ्यांचा आवाज आला, धूर बाहेर आला आणि तिने माझा हात घट्ट धरला. "काकू, पुरे."

तिची आई पटकन बोलून गेली, "अगं, एवढं रांगेत उभं राहून? आता आलोय तर चल ना, काही नसतं आत!" आणि तिने मुलीचं मनगट धरलं.

माझ्या घशाशी शब्द आले, पण त्याआधी मागून आवाज आला. माझा भाचा. आता सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला. त्याने गुडघे वाकवून त्या मुलीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "मलापण नाही जायचं. आपण दोघं बाहेर भोपळे मोजू या?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामी, तू जा आत. मी थांबतो हिच्याबरोबर."

एवढंच. जत्रेबद्दल आम्ही दोघं गेल्या अकरा वर्षांत कधी बोललो नव्हतो. त्या दिवशीही बोललो नाही. आत गेले तेव्हा भुतांनी काय काय केलं, मला खरंच आठवत नाही. डोळे भरले होते, आणि ते धुराने नव्हे.

बाहेर आलो तर दोघं मजेत बसली होती. चिमुरडीच्या गालावर कोळ्याचं जाळं रंगवलेलं होतं. ती आम्हालाच विचारत होती, "तुम्ही घाबरलात का? मी इथून ओरडणं ऐकलं!" परतीच्या गाडीत म्हणाली, "पुढच्या वर्षी मी जाईन आत. दादा असेल तर." तिच्या आईने तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

परत आल्यावर

घरी येऊन मुलं लगेच झोपत नाहीत. अंगात वारं भरलेलं असतं. त्यांना बोलू द्या, कशाची भीती वाटली, कशाचं हसू आलं. एखादं मूल दोन-तीन रात्री दिवा लावून झोपू म्हणालं, तर लावू द्या. पण महिना-महिना झोप उडाली, अंथरूण ओलं होऊ लागलं, शाळेत जाईना, तर मात्र "होईल ठीक" म्हणून सोडू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवा. आम्ही तेव्हा ते केलं नाही, ही माझी दुसरी चूक.

पर्समध्ये एवढं हवंच
— नेहमीची औषधं, दम्याचा पंप, उलटीची गोळी, बँडेज पट्टी
— ओळखपत्र, तिकिटाची छापील प्रत, थोडे सुटे पैसे
— लहानांसाठी कपड्यांचा एक जोड, एक पातळ चादर
— पाण्याची बाटली आणि बाळाचं खाणं (बाहेरचे डबे सहसा आत नेऊ देत नाहीत, आधी विचारून घ्या)
— चार्जिंगची बॅटरी, सेफ्टी पिना, रुमाल
— ऑक्टोबरात घाटाखाली संध्याकाळी सर येऊ शकते, म्हणून छोटी छत्री

आम्ही पालेगावात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. जिना चढून वर आले तर दार उघडंच. सासूबाई जाग्या होत्या. हातात वाटी, वाटीत मीठ-मोहऱ्या. "उंबऱ्याच्या आत यायचं नाही. थांबा तिथेच." आम्हा सगळ्यांना जिन्यात ओळीने उभं केलं आणि एकेकाची दृष्ट काढली. भाच्याची पाळी आली तेव्हा तो वाकला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून मूठ ओवाळली आणि विचारलं, "काय रे, भेटलं का भूत?"

तो हसला. "भेटलं, आजी. पण आता नाही वाटत भीती."